विधानसभेचा पहिला उमेदवारी अर्ज: नागपुरातील कामगार उमेदवारासाठी क्रमवार मार्गदर्शन

कळमना बाजारातील हमाल, हिंगणा एमआयडीसीतील कंत्राटी कामगार, ई-रिक्षाचालक किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई अपक्ष म्हणून विधानसभेला उभी राहते, तेव्हा तिची उमेदवारी अनेकदा मतदानाला तीन आठवडे असतानाच छाननीच्या टेबलावर संपते. मागील दोन निवडणुकांत अशा उमेदवारांची कागदपत्रे जुळवून देण्याचे काम मी केले. चुका दर वेळी त्याच होताना पाहिल्या आणि त्या बहुतेक एकाच कारणाने होतात: आधी पोस्टर छापले जाते, मग वस्तीत बैठक होते आणि सर्वांत शेवटी अर्ज हाती घेतला जातो. हा क्रम उलटा हवा. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराजवळ वकील असतो, चूक झाली तर तासाभरात दुसरा अर्ज तयार करणारी माणसे असतात. रोजीवर जाणाऱ्या उमेदवाराला ती सोय नसते, म्हणून त्याचे कागद पहिल्याच फेरीत बिनचूक असले पाहिजेत.

हा लेख विधानसभेपुरताच आहे. महापालिकेच्या निवडणुकीत वावरलेले कार्यकर्ते तेथील नियम विधानसभेलाही लावतात आणि उमेदवाराला नसत्या धावपळीत घालतात. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेची भारत निवडणूक आयोग. दोन अपत्यांची अट विधानसभेला नाही. किमान वय महापालिकेला २१ असले तरी विधानसभेला २५ आहे. वस्तीतला जाणकार काहीही सांगो, नमुना अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातूनच घ्यावा आणि त्यावरील सूचना स्वतः वाचाव्यात.

टप्पा १: दिवस मोजा

अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरण्यासाठी साधारण आठवडा मिळतो. शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी छाननी होते, त्यानंतर माघारीची मुदत असते आणि माघारीनंतर किमान १४ दिवसांनी मतदान होते. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती, ३० ऑक्टोबरला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. छाननी आणि माघार यांच्या मध्ये दिवाळी आली. अर्ज फक्त सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत घेतले जातात आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी घेतलेच जात नाहीत, त्यामुळे आठवडा म्हटला तरी हाती पाच-सहा दिवस आणि दिवसाचे चार तास एवढेच उरतात.

पुढची नियमित निवडणूक २०२९ मध्ये आहे. ज्याला ती लढवायची आहे त्याने पुढील दोन टप्प्यांतील कामे अधिसूचनेच्या किमान दोन महिने आधी संपवावीत. शेवटचा दिवस अर्ज भरण्यासाठी आहे असे मानूच नये, तो झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावा.

टप्पा २: पात्रता आणि नोकरी

उमेदवार भारताचा नागरिक असावा, छाननीच्या तारखेला त्याचे वय २५ पूर्ण असावे आणि महाराष्ट्रातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असावे. ज्या मतदारसंघातून लढायचे तिथलाच मतदार असण्याचे बंधन उमेदवारावर नाही. वाडीत राहणारा, म्हणजे हिंगण्याचा मतदार, पश्चिम नागपुरातून उभा राहू शकतो. मात्र अशा वेळी स्वतःच्या नावाची नोंद असलेल्या यादीच्या भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी द्यावी लागते. मोबाइलवर दाखवलेली किंवा संगणकावरून काढलेली साधी प्रत चालत नाही.

नागपूर जिल्ह्यातील १२ मतदारसंघांपैकी उत्तर नागपूर आणि उमरेड हे दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तेथे उभे राहणाऱ्याने जातीचा दाखला अर्जासोबत जोडावा आणि अर्जातील जातीचा रकाना दाखल्यावरील शब्दांनुसारच भरावा.

नोकरीच्या बाबतीत तीन प्रकार वेगळे समजून घ्यावेत. खासगी कारखान्यातील कामगाराला उमेदवारीसाठी राजीनामा द्यावा लागत नाही, पण महिनाभराची रजा लेखी मागून तिची पोच घ्यावी, अन्यथा निकालानंतर विनापरवानगी गैरहजेरीची नोटीस हाती पडते. सरकारी कर्मचाऱ्याला पद सोडावे लागते आणि नुसता राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचा आदेश छाननीच्या आधी हातात असावा लागतो. तिसरा प्रकार मधल्या लोकांचा: महामंडळ, महापालिका, वीज कंपनी, मानधनावरील सेविका, सरकारी कार्यालयात ठेकेदारामार्फत काम करणारे. यांच्या बाबतीत लाभाच्या पदाचा, म्हणजे सरकारकडून फायदा मिळणाऱ्या आणि म्हणून उमेदवारीच्या आड येणाऱ्या पदाचा, प्रश्न प्रत्येक पदागणिक वेगळा ठरू शकतो, त्यामुळे नेमणुकीचे पत्र घेऊन वकिलाचे लेखी मत आधीच घ्यावे. चहाच्या टपरीवर मिळालेला सल्ला छाननीत उपयोगी पडत नाही. राज्य सरकारकडून बांधकामाचा किंवा माल पुरवण्याचा लहानसा ठेका स्वतःच्या नावावर चालू असेल तर तोही अपात्रतेचे कारण होऊ शकतो.

*तपासणी:* मतदार यादी, आधार, पॅन आणि शाळेचा दाखला या चारही ठिकाणी नाव सारखे आहे का ते पाहावे. यादीत आडनाव आधी, पॅनवर वडिलांचे नाव गाळलेले आणि दाखल्यावर घरचे नाव अशी परिस्थिती आपल्याकडे सर्रास असते. यादीतील दुरुस्तीचा अर्ज निवडणुकीच्या कितीतरी आधी द्यावा.

टप्पा ३: दहा सूचक

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, आणि हे दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. सर्वाधिक घोळ याच ठिकाणी होतो. एकाच ठिय्यावर उभे राहणारे दहा मजूर एकाच मतदारसंघातले असतील असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पारडीचा पूर्व नागपुरात, जरीपटक्याचा उत्तरेत आणि तिसऱ्याचे नाव अजून गोंदियातील गावाच्या यादीत, असे निघते.

प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून, पुरवणीसह, उतरवून घ्यावा. जुन्या मतदान चिठ्ठीवरचा क्रमांक वापरू नये, कारण यादी सुधारली की क्रमांक बदलतात. आकडा लिहिणारा एक आणि यादीशी ताडून पाहणारा दुसरा, असे दोघे या कामाला बसवावेत. अशा लहानसहान लेखनदोषांकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दुर्लक्ष करावे असे कायदा सांगतो, पण त्या उदारतेच्या भरवशावर अर्ज भरणे शहाणपणाचे नाही.

आता अंगठ्याविषयी. ज्या सूचकाला सही करता येत नाही त्याने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर अंगठा उमटवावा लागतो आणि त्या अधिकाऱ्याने तो साक्षांकित करावा लागतो. घरी बसून उमटवलेला अंगठा सही म्हणून धरला जात नाही. पूर्व नागपुरातील एका हमाल उमेदवाराचा अर्ज आम्ही रात्री पानठेल्याच्या ट्यूबलाइटखाली भरला. सात सह्या झाल्या, तीन अंगठे उमटले आणि सगळे समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी मदत कक्षातील लिपिकाने तीन निळ्या ठशांवर पेन्सिल टेकवली आणि ही माणसे कुठे आहेत असे विचारले. ती माणसे मिरचीच्या गाड्या उतरवत होती. निरोप पोहोचून, हिशेब मिटवून, एकाच मोटारसायकलवर दोन फेऱ्यांत ती आली तेव्हा अडीच वाजत आले होते आणि पोत्यांच्या तिखटाने एकाचे डोळे लाल झाले होते. कोऱ्या अर्जावर पुन्हा पहिल्यापासून नावे लिहिली, सह्या करणाऱ्या सातही जणांना परत बोलावले आणि अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल केला. तो शेवटचा दिवस नव्हता, एवढेच आमचे नशीब.

यातून दोन गोष्टी कायमच्या ठरवून टाकाव्यात. शक्यतो दहाही सूचक सही करणारे निवडावेत. तसे शक्य नसेल तर अंगठा देणाऱ्यांना त्या दिवशीच्या बुडालेल्या रोजीची कल्पना आधी देऊन, अर्ज दाखल करताना सोबत न्यावे.

दुसरी अडचण दबावाची असते. छाननीच्या दिवशी सूचक उठून ही सही माझी नव्हे असे सांगतो आणि अर्ज बाद होतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतमध्ये मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज अशाच कारणाने फेटाळला गेला आणि तेथे मतदानच झाले नाही. सूचक म्हणून मालकाचा भाडेकरू, ठेकेदाराचा मुकादम किंवा कर्जात अडकलेला माणूस घेऊ नये. कायद्याने एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत मात्र एकदाच द्यावी लागते. या सवलतीचा वापर करून किमान दोन अर्ज, वेगवेगळ्या दहा-दहा सूचकांचे, भरावेत. सह्या स्वतःसमोर घ्याव्यात, दुसऱ्याने केलेली सही तर अजिबात चालवून घेऊ नये.

*सावधान:* नमुना २-ब मधील, म्हणजे उमेदवारी अर्जातील, भाग १ मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी आणि भाग २ अपक्षांसाठी व मान्यता नसलेल्या पक्षांच्या उमेदवारांसाठी आहे. अपक्षाने भाग १ खोडावा. दोन्ही भरलेले अर्ज मी पाहिले आहेत.

टप्पा ४: शपथपत्र

नमुना २६ मधील शपथपत्र म्हणजे उमेदवाराच्या घरादाराचा जाहीर हिशेब. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींची मालमत्ता, कर्जे, मागील पाच वर्षांत विवरणपत्रात दाखवलेले उत्पन्न, पॅन, गुन्हे, शिक्षण आणि समाजमाध्यमांवरील खाती लिहावी लागतात. एकही रकाना मोकळा ठेवता येत नाही. जे नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावे. आडवी रेघ किंवा टिंब चालत नाही. रकाना मोकळा राहिला तर निवडणूक निर्णय अधिकारी नोटीस देतो आणि तरीही दुरुस्त शपथपत्र आले नाही तर अर्ज फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

माझ्याकडे काहीच नाही, मग लिहायचे काय, असे कामगार उमेदवार नेहमी विचारतात. प्रत्यक्षात बरेच काही असते. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, विमा पॉलिसी, भिशीत अडकलेले पैसे, हप्त्यावर घेतलेली दुचाकी, पत्नीचे मंगळसूत्र वजन आणि आजच्या किमतीसह, बचत गटाचे आणि लघुवित्त कंपनीचे कर्ज, पोस्टातील खाते, मुलीच्या नावची ठेव. गावाकडच्या वडिलोपार्जित शेतातील हिस्सा सातबारावर असेल तर तोही. झोपडपट्टीतील घराच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी: पट्टा, म्हणजे जागेचे सरकारी हक्कपत्र, मिळालेला असेल तर पट्ट्यावरील क्षेत्रफळ आणि नाव तसेच लिहावे, आणि पट्टा नसेल तर जागा स्वतःची असल्याचे लिहू नये. बांधकाम स्वतः केले असल्यास त्याचा खर्च दाखवावा.

पतीच्या किंवा पत्नीच्या खात्याची माहिती घ्यायला विसरले जाते. जनधन खाते कुणाच्या लक्षातच नसते. त्यामुळे घरातील सर्व पासबुके एका पिशवीत जमा करून, बँकेत जाऊन नोंदी ताज्या करून घेतल्यावरच लिहायला बसावे.

गुन्ह्यांचा रकाना कामगार चळवळीतल्या माणसासाठी सर्वांत नाजूक आहे. मोर्चा, रास्ता रोको, कारखान्याच्या फाटकावरील ठिय्या यांत जमावबंदीचे गुन्हे नोंदवले गेलेले असतात आणि दहा वर्षांपूर्वी संविधान चौकात पकडून संध्याकाळी सोडून दिले होते एवढेच त्या माणसाला आठवत असते. प्रकरण मिटले की प्रलंबित आहे हे कुणालाच ठाऊक नसते. ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत आंदोलन केले त्या प्रत्येक ठाण्यातून लेखी माहिती मागवावी आणि न्यायालयाच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नावाने शोध घ्यावा. गुन्हा क्रमांक, कलम, न्यायालय आणि प्रकरणाची सद्यःस्थिती हे सर्व लिहावे लागते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांत भारतीय दंड संहितेचीच कलमे असतात, ती नव्या संहितेत बदलून लिहू नयेत. लोकांसाठी केलेल्या आंदोलनाचा गुन्हा लिहायला लाजण्याचे कारण नाही, पण तो लपवला तर पुढे निवडून आलेली जागाही जाऊ शकते.

प्रकरण प्रलंबित असेल तर आणखी एक खर्च येतो. उमेदवाराने ती माहिती माघारीच्या मुदतीनंतर प्रचार संपेपर्यंत तीन वेळा वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाणीवर स्वखर्चाने प्रसिद्ध करायची असते. या जाहिरातींचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावेत, कारण ही रक्कम वस्तीतून वर्गणी काढताना कुणाच्या डोक्यात नसते.

शपथपत्राच्या शेवटी भाग ब मध्ये गोषवारा असतो. त्यातील बेरजा भाग अ शी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आणि नोटरीचा शिक्का हवा. नोटरीकडे शेवटच्या दिवशी सकाळी जाऊ नये, त्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये प्रत्येक टेबलाभोवती गर्दी असते.

*तपासणी:* शपथपत्र ज्याने लिहिले नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. डोळ्यांनी सुटलेला मोकळा रकाना कानाला लगेच कळतो.

टप्पा ५: बँक खाते आणि अनामत

निवडणूक खर्चासाठी नवे खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते. ते एकट्या उमेदवाराच्या किंवा उमेदवार आणि निवडणूक प्रतिनिधी यांच्या नावाने असावे. पगाराचे जुने खाते किंवा पत्नीसोबतचे संयुक्त खाते चालत नाही. खाते क्रमांक अर्ज भरताना लेखी कळवावा. प्रत्यक्षात कागदपत्रे पडताळून खाते सुरू व्हायला दोन-चार दिवस जातात, तेव्हा महिनाभर आधी जावे.

अनामत १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती आणि जमातीच्या उमेदवाराला ५,०००. जागा राखीव नसली तरी ही सवलत मिळते, मात्र जातीचा दाखला जोडावा लागतो. रक्कम रोख भरावी किंवा कोषागारात, अथवा रिझर्व्ह बँकेत, चलनाने भरून चलन जोडावे. धनादेश आणि ड्राफ्ट घेत नाहीत. एक-एक रुपयाच्या नाण्यांची पोतडी नेऊन छायाचित्र काढून घेण्याची हौस काही जणांना असते. दहा हजार नाणी मोजेपर्यंत किती वाजतील याचा हिशेब त्यांनी आधी करावा.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. नोटाची मते या हिशेबात धरत नाहीत. वर्गणी देणाऱ्यांना ही शक्यता आधीच स्पष्ट सांगून ठेवावी.

टप्पा ६: अर्ज दाखल करण्याचा दिवस

अर्ज उमेदवाराने स्वतः किंवा सूचकांपैकी एकाने द्यायचा असतो. पुतण्याच्या हाती किंवा टपालाने पाठवलेला अर्ज घेतला जात नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर माहिती भरता येते, पण तिची छापील, सही केलेली प्रत प्रत्यक्ष न्यावीच लागते. कार्यालय कोणत्या इमारतीत आहे हे अधिसूचनेत वाचावे. प्रत्येक मतदारसंघाचे कार्यालय जिल्हाधिकारी कचेरीतच असते या समजुतीने भलत्या फाटकावर तास गमावणारे दर निवडणुकीत भेटतात.

कार्यालयाच्या १०० मीटर परिसरात तीनच वाहने आणता येतात आणि दालनात उमेदवारासह पाच जणच जाऊ शकतात. ढोलताशा आणि हार लांबच ठेवावेत. सोबत घ्यायच्या वस्तू: दोन्ही अर्ज, शपथपत्र, अनामत, यादीची प्रमाणित प्रत, जातीचा दाखला, खात्याचा तपशील आणि २ सेंटिमीटर रुंद व २.५ सेंटिमीटर उंच अशी तीन महिन्यांच्या आत काढलेली छायाचित्रे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, टोपी व गणवेशाशिवाय. हमालाचा लाल डगला किंवा रिक्षाचालकाचा खाकी सदरा प्रचारात शोभतो, मतपत्रिकेवरच्या छायाचित्रात नको.

अर्जात तीन मुक्त, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखून न ठेवलेली, चिन्हे पसंतीक्रमाने लिहावी लागतात. यादीतील चिन्हे आधी पाहून, वस्तीतील वृद्ध माणसाला लांबून ओळखता येईल असेच चिन्ह निवडावे.

अर्ज दिल्यावर लगेच शपथ घ्यावी. संविधानावरील निष्ठेची ही शपथ अर्ज सादर केल्यानंतर आणि छाननीच्या तारखेपूर्वी घ्यावी लागते, छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. दोन मिनिटांचे हे काम घाईत विसरले जाते आणि त्यापायी अर्ज बाद होतो. शपथ घेतल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

*थांबा आणि पाहा:* दालनातून निघण्याआधी अर्जाची पोच, छाननीच्या वेळेची सूचना, अनामतीची पावती, शपथेचे प्रमाणपत्र आणि कागदपत्रांची तपासणी सूची हातात असावी. सूचीत एखादा कागद कमी असल्याचे लिहिले असेल तर तो कधीपर्यंत द्यायचा हे तिथेच विचारावे.

टप्पा ७: छाननी

छाननीला उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती, असे चौघे हजर राहू शकतात. चौथा माणूस वकील असावा. आपल्या अर्जात काही नाही असे समजून कामावर जाणाऱ्याच्या मागे आक्षेप येतो आणि उत्तर द्यायला कुणी नसते. आक्षेप आल्यास उत्तरासाठी वेळ लेखी मागावा. दोष गंभीर स्वरूपाचा नसेल तर त्यावरून अर्ज फेटाळता येत नाही, ही कायद्यातील तरतूद शांतपणे दाखवून द्यावी. आरडाओरड केल्याने कामकाजाच्या नोंदीत एवढेच लिहिले जाते की उमेदवाराने गोंधळ घातला.

अर्ज फेटाळलाच तर कारणांच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी. त्याविरुद्धचा मार्ग निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करणे हा आहे.

टप्पा ८: माघार, नाव आणि चिन्ह

माघारीच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत फोन येतात, पाहुणे येतात, कधी पैशांचे आमिष येते. माघारीची नोटीस उमेदवाराने लेखी अधिकार दिल्यास सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधीही देऊ शकतो, म्हणून कोऱ्या कागदावर सही कुणालाही देऊ नये. एकदा घेतलेली माघार परत घेता येत नाही.

वस्तीत ज्या नावाने ओळख आहे ते नाव मतदान यंत्रावर हवे असल्यास अंतिम यादी तयार होण्यापूर्वी लेखी मागणी करावी. नामसाधर्म्याचा दुसरा उमेदवार उभा असेल तर हे फारच आवश्यक ठरते.

टप्पा ९: प्रचार आणि रोजचा हिशेब

२०२४ च्या वेळापत्रकात चिन्ह हाती आल्यापासून प्रचार थांबेपर्यंत जेमतेम चौदा दिवस मिळाले. नागपूर शहरातील एकेका मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. सगळीकडे पोहोचण्याच्या हट्टात कुठेच नीट न पोहोचणे ही पहिलटकराची सर्वांत महागडी चूक आहे. दहा-बारा वस्त्या निवडून तिथे दोन-दोनदा जावे. पहाटे सहाला एमआयडीसीच्या बसथांब्यावर किंवा आठला मजुरांच्या ठिय्यावर अर्धा तास उभे राहिल्याने जे होते ते भाड्याच्या रथातून होत नाही.

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. आपला खर्च दोन लाखांवरही जाणार नाही, मग हिशेब कशाला, असे म्हणणारे उमेदवारच पुढे अडकतात. अर्ज दाखल केल्यापासून निकालापर्यंतचा प्रत्येक खर्च कार्यालयाने दिलेल्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहावा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यापुढे धनादेश किंवा ऑनलाइन. मंडपवाल्याला तीन वेळा चार-चार हजार रोख दिले की मर्यादा मोडली. मित्राने फुकट दिलेल्या खुर्च्या, मंडळाने पाजलेला चहा आणि कार्यकर्त्याची सायकलरिक्षा यांची किंमतही जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार खर्चात धरली जाते. प्रचाराच्या काळात नोंदवही किमान तीनदा तपासणीसाठी न्यावी लागते. हे काम उमेदवाराने स्वतः करू नये. दहावी-बारावी झालेली, हस्ताक्षर चांगले असलेली वस्तीतील मुलगी सभेतील चार वक्त्यांपेक्षा इथे जास्त उपयोगी पडते.

सभा, वाहन आणि ध्वनिक्षेपक यांची परवानगी आयोगाच्या 'सुविधा' पोर्टलवर किंवा कार्यालयात किमान ४८ तास आधी मागावी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा. भिंतीवर काही लावायचे तर घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, सरकारी भिंत आणि विजेचा खांब वर्ज्य. समाजमाध्यमावरील सशुल्क जाहिरात आधी जिल्ह्याच्या माध्यम समितीकडून प्रमाणित करून घ्यावी. वर्गणीची पन्नास हजारांहून अधिक रोकड गाडीत घेऊन फिरू नये, नाक्यावर ती जप्त होते.

टप्पा १०: मतदान केंद्रे

शहरातील मतदारसंघात तीनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक केंद्रे असतात. सर्वत्र प्रतिनिधी बसवणे अपक्षाला जमत नाही, तेव्हा आपली मते जिथे आहेत ती तीस-चाळीस केंद्रे निवडावीत. नमुना १० वर, म्हणजे प्रतिनिधीच्या नेमणूकपत्रावर, प्रत्येकासाठी सही लागते. सह्या आदल्या रात्री न करता चार दिवस आधी कराव्यात, सही बदलली की केंद्राध्यक्ष नमुन्याशी ताडून हरकत घेतो.

अभिरूप मतदान प्रत्यक्ष मतदानाच्या दीड तास आधी सुरू होते. सातला मतदान असेल तर प्रतिनिधी साडेपाचच्या आत केंद्रावर हवा. किमान ५० मते टाकून यंत्र तपासले जाते आणि नंतर ती पुसली जातात. पुसल्याची खात्री प्रतिनिधीने डोळ्यांनी करावी. संध्याकाळी नमुना १७-क ची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. दिवसभर बसून कंटाळलेला प्रतिनिधी नेमका याच वेळी घरी जातो. मतमोजणीच्या प्रतिनिधींची नावे आणि छायाचित्रे मतदानाच्या आधीच गोळा करावीत, कारण ती मतमोजणीच्या तीन दिवस आधी द्यावी लागतात आणि २०२४ मध्ये तो दिवस मतदानाचाच होता.

टप्पा ११: निकालानंतरचे तीस दिवस

पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी कामावर जातो आणि खर्चाची वही कपाटावर पडून राहते. निकालापासून ३० दिवसांच्या आत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो, जिंकणाऱ्यालाही आणि शंभर मते मिळालेल्यालाही. तो दिला नाही आणि सबळ कारण दाखवता आले नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, मुदत २३ डिसेंबरपर्यंत होती आणि त्याच महिन्यात हिवाळी अधिवेशनामुळे नागपुरातील सरकारी यंत्रणा व्यस्त होती.

मूळ पावत्या, बँकेचे विवरण, नोंदवही आणि शपथपत्र यांची एक झेरॉक्स प्रत स्वतःजवळ ठेवावी. मूळ संच देताना तारीख, सही आणि शिक्क्याची पोच घ्यावी. काम संपायला दुपार होते, तेव्हा त्या दिवसाचीही अर्धी रजा आधीच मागून ठेवावी.